जांभ्यावरचं विष्णुपूर

बंगाल म्हटलं की पाण्याने भरलेली भातखाचरं आणि सपाट हिरवी जमीन डोळ्यांपुढे येते. बांकुडा जिल्ह्यातलं विष्णुपूर या चित्रात बसत नाही. खरगपूर सोडून गाडी आद्र्याच्या दिशेने निघाली की माती तांबडी होत जाते, सालाची जंगलं लागतात. छोटा नागपूरच्या पठाराची उतरण जिथे गंगेच्या गाळाला भिडते, त्या सांध्यावर हे शहर आहे. जवळून द्वारकेश्वर नदी वाहते आणि पायाखाली असतो चक्क जांभा. इथले लोक त्याला ‘माकडा पाथर’ म्हणतात. कोकणातल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही.

विष्णुपूर ही मल्ल राजांची राजधानी. वैष्णव झालेल्या या राजांना देवळं बांधायची हौस दांडगी, पण दगड हा असा सच्छिद्र. त्यात बारीक नक्षी उतरत नाही. चिकणमाती मात्र हाताशी होती. मग मातीच्या फरश्यांवर नक्षी काढून त्या भाजल्या आणि विटांच्या भिंतींवर बसवल्या. श्यामराय (१६४३), जोडबांगला (१६५५) आणि मदनमोहन (१६९४) ही त्यातली बिनीची देवळं. वेळ कमी असेल तर बाकीची सोडा, पण जोडबांगला सोडू नका. बंगाली झोपडीचं वाकवलेलं छप्पर विटांत उतरवून अशी दोन छपरं शेजारी जोडलेली आहेत. भिंतींवर रामायण आणि कृष्णलीला तर आहेतच. पण खालच्या पट्ट्यांत शिकारी आणि बंदूकधाऱ्यांनी भरलेल्या नावाही दिसतात. मल्ल राजा वीर हंबीराने १६०० च्या सुमारास बांधलेला पिरॅमिडसारखा रासमंच त्याहून जुना. रासोत्सवात गावभरच्या देवळांतले राधाकृष्ण तिथे दर्शनाला मांडत. ही प्रथा १९३२ पर्यंत चालली.

जांभ्यात पाणी टिकत नाही, तेव्हा मल्लांनी उतारांवर मातीचे बंधारे घालून तलाव केले. लालबांध, कृष्णबांध, यमुनाबांध असे सात बांध आजही नावानिशी सांगितले जातात. पिण्याला पाणी, शेतीला पाणी आणि शत्रूला अडसर, अशी तिन्ही कामं त्यांनी केली. मला विचाराल तर देवळांइतकंच श्रेय या बांधांना द्यायला हवं.

शत्रू म्हणजे, १७४२ साली, आपणच. नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन इथवर आले. राजा गोपाल सिंहाने प्रजेला हरिनाम घ्यायला सांगितलं आणि देव मदनमोहनाने स्वतः तोफ डागून ‘बर्गीं’ना, म्हणजे मराठ्यांना, पिटाळलं, अशी आख्यायिका आहे. ती दलमादल तोफ रस्त्याकडेला उघड्यावर ठेवलेली आहे. आपल्या पुस्तकांत या स्वाऱ्या चौथाईच्या हिशेबात येतात, बंगालमध्ये लुटीच्या आठवणीत. मराठी पर्यटकाने गाइडचं बोलणं निमूट ऐकून घ्यावं, हे उत्तम.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६७,७८३ होती. म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं बऱ्यापैकी मोठं गाव. नगरपालिका मात्र १८७३ ची. वस्तीत कारागिरांचा भरणा मोठा: शंखाच्या बांगड्या घडवणारे, काशाची भांडी करणारे, बालुचरी साड्या विणणारे. बालुचरी मूळची मुर्शिदाबादकडची; तिथे ती विझत आली आणि विसाव्या शतकात विष्णुपूरच्या मागांवर पुन्हा उभी राहिली. पदरावर तीच रामायण-महाभारतातली दृश्यं, देवळाच्या भिंतीवरून उतरल्यासारखी. ध्रुपदाचं विष्णुपूर घराणंही याच गावचं.

फौजदार आडनावाच्या कुटुंबात अजून दशावतारी पत्ते रंगवले जातात. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे आणि एकेक पान हाताने रंगवायचं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. सावंतवाडीची गंजिफा पाहिलेल्याला हा हिशेब नवा नाही. दोन्हीकडे गिऱ्हाईकही आता एकाच जातीचं: डाव मांडण्यापेक्षा संच भिंतीवर लावण्यासाठी घेणारं.