मोतीची जांभई

‘‘या वयात डिग्री? आणि तीही कुत्र्या-मांजरांची?’’ सासूबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. त्यांचं तरी काय चुकलं! बी.ए. होऊन वीसेक वर्षं झालेली, पुस्तकांशी संबंध मुलांच्या परीक्षांपुरता. तरी मी एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीसाठी नाव घातलं. विषय : प्राण्यांच्या मदतीने करायचे उपचार, म्हणजेच ‘अ‍ॅनिमल असिस्टेड थेरपी’.

याला कारण आमचा मोती. रस्त्यावरून आणलेला, गावठी, स्वभावाने गरीब. मी दर गुरुवारी एका वृद्धाश्रमात जाते. एकदा सहज त्याला बरोबर नेलं. आजी-आजोबांना कोण आनंद! मग नेमच झाला. चौथ्या खेपेला एका आजोबांनी लाडाने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि मोती गुरगुरला. दात लागले नाहीत, पण आजोबांचा हात कितीतरी वेळ थरथरत होता. ‘‘इतका शांत कुत्रा, अचानक काय झालं याला?’’ मी ज्याला त्याला विचारत होते.

अभ्यास सुरू झाल्यावर कळलं, अचानक काहीच झालं नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते पुन्हा पाहिलं. मोतीने आधी ओठ चाटले होते, दोनदा जांभई दिली होती, तोंड फिरवलं होतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. कुत्रा अस्वस्थ असल्याच्या या खुणा. तो बिचारा ‘पुरे’ म्हणत होता आणि मी कौतुकाने हसत होते!

या शास्त्राची गोष्टही गमतीची आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेआधीच आला. खोलीत त्यांचा कुत्रा जिंगल्स होता. मुलगा चक्क त्याच्याशी खेळू लागला आणि डॉक्टरांना वाट सापडली. १९६२ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, १९६९ मध्ये पुस्तक. सुरुवातीला काही सहकाऱ्यांनी चेष्टाच केली म्हणे. पुढे २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ‘ऑक्सिटोसिन’ वाढतं. आईला बाळाविषयी जी माया वाटते, तिच्याशी नातं असलेलं हे संप्रेरक.

पण मैत्रिणींनो, सर्वांत मोठा धडा वेगळाच मिळाला. मी गुरुवारी करत होते ती थेरपी नव्हतीच. ती नुसती भेट. थेरपीत रुग्णागणिक उद्दिष्ट ठरतं. उदाहरणार्थ, पक्षाघातानंतर आखडलेल्या हाताने कुत्र्याचे केस विंचरायचे. ते ठरवतात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा मानसतज्ज्ञ. प्रगतीची नोंदही ठेवावी लागते. म्हणजे ही पदवी मिळाली तरी मी ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावू शकणार नाही. त्यांच्या हाताखाली मदतनीस मात्र होऊ शकेन. हे वाचलं त्या रात्री थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

म्हणून कुणाला हे शिकायचं असेल तर पैसे भरण्याआधी विचारून घ्या. आपल्याकडे या पदवीला मान्यता आहे का? प्रत्यक्ष सराव कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली होणार? रात्री ओटा आवरून व्याख्यानं ऐकता येतात, पण कुत्र्याच्या पट्ट्यावरची पकड काही संगणक शिकवत नाही.

आता आमचे नियम पक्के आहेत. मोतीला रेबीजची लस आणि जंतांचं औषध वेळेवर, नखं कापलेली. पशुवैद्यांची तपासणी झाल्याशिवाय जायचं नाही. ज्यांना भीती वाटते, अ‍ॅलर्जी आहे किंवा अंगावर उघडी जखम आहे, त्यांच्यापासून लांब राहायचं. जो येतो त्याने हात धुवायचे, आधी आणि नंतरही. मिठी नाही. मोती आपणहून जवळ आला तरच हात लावायचा आणि तो उठून निघाला तर अडवायचं नाही.

गेल्या गुरुवारी कोपऱ्यातल्या आजींजवळ तो बसला होता. या आजी फारशा कुणाशी बोलत नाहीत. मी दुसऱ्या आजींचं गाऱ्हाणं ऐकण्यात गुंतले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘अगं ए, जांभया देतोय तो. दमलाय. घरी ने त्याला.’’

मी वळून पाहिलं. आजींनी हात मागे घेतला होता. मोती उठला, अंग झटकून दाराकडे निघाला. ‘‘पुढच्या गुरुवारी आण हो,’’ आजी त्याच्याकडे बघतच म्हणाल्या.

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी मोतीपुढे भाकरीचा तुकडा टाकला आणि मला म्हणाल्या, ‘‘परीक्षा कधी आहे तुझी?’’