कर्ज फिटत नाही, पण जीभ सुटते
पातूरच्या बाजारात गुडघेदुखी कोणीही उघड सांगतो. झोप उडाल्याचं मात्र घरातही दबक्या आवाजात, कारण लोक काय म्हणतील! ही भीड नुसत्या फलकांनी मोडत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पाने ३० गावांत छोट्या बैठका घेतल्या आणि समुपदेशनही गावातच आणलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेला प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय बैठकांना देऊ नये. तरी फरक लहान नाही. ‘कापसाला भाव नाही, बोलून काय होते?’ हा शेतकऱ्यांचा आक्षेप रास्तच. बैठकीने कर्ज फिटत नाही. पण खचलेला माणूस बँकेची पायरीही चढत नाही, त्याला आधी उभं करावं लागतं. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक, टोकाचा विचार करणाऱ्यालाही दिसावा म्हणून, कीटकनाशकांच्या दुकानातही ठळक लावावा.