प्रथिनांची पारख

प्रयोगशाळेचें नांव काढलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें काचेच्या नळ्या आणि उग्र वासाचे द्रव उभे राहतात. परंतु प्रथिनांवरील दोन महत्त्वाचे प्रयोग आपल्या स्वयंपाकघरांतच होत असतात. अंडें उकडलें म्हणजे त्यांतील पातळ, पारदर्शक पांढरें घट्ट होतें, आणि मग तें कितीहि थंड केलें तरी पूर्ववत् होत नाहीं. दुधांत लिंबू पिळलें म्हणजे तें फाटतें. चोथा एकीकडे व पाणी एकीकडे होतें. पहिल्या प्रयोगांत प्रथिनाची घडी मोडते, दुसऱ्यांत त्याच्यावरील विद्युत्भार नाहींसा होतो. घडी आणि भार या दोन गोष्टी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवल्या तर आजच्या विषयाचा निम्मा भाग त्यांच्या हातीं आलाच, असें समजावयास हरकत नाहीं.

प्रथिन म्हणजे मुळांत एक माळ होय. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लें. या मण्यांचे मुख्य प्रकार अवघे वीस. पण थोड्या अक्षरांतून जशी सारी भाषा उभी राहते, तशीं या विसांतून केसांतील केराटिन, दुधांतील केसिन, जठरांतील पेप्सिन अशीं हजारों प्रथिनें घडतात. प्रत्येकाचा मणी ओंवण्याचा क्रम ठरलेला असतो. केंब्रिज येथें फ्रेडरिक सँगर यांनीं १९५५ पर्यंत इन्सुलिनच्या ५१ मण्यांचा संपूर्ण क्रम लावून दाखविला, तेव्हां याविषयीं शंका उरली नाहीं. मात्र ओंवलेली माळ सरळ लोंबत राहात नाहीं. कांहीं मण्यांना पाण्याचें वावडें असतें, ते आंत दडतात. कांहींवर विद्युत्भार असतो, ते बहुधा बाहेर, पाण्याच्या संगतींत राहतात. आणि या ओढाताणींतून माळेची एक विशिष्ट घडी बसते. प्रथिनाचें कार्य या घडीवर अवलंबून असतें. अंडें उकडतांना माळ तुटत नाहीं कीं मण्यांचा क्रम बदलत नाहीं. केवळ घडी विसकटते आणि उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंततात.

रक्ताला तांबडा रंग देणारें हिमोग्लोबिन घ्या. त्याच्या एका रेणूंत चार माळा असतात : १४१ मण्यांच्या दोन व १४६ मण्यांच्या दोन, मिळून ५७४ मणी. प्रत्येक माळेच्या कुशींत लोहाचा एक अणु असतो, आणि त्याला प्राणवायु चिकटतो. फुप्फुसांत प्राणवायु उचलावयाचा व शरीरभर वांटीत जावयाचें, हा या रेणूचा व्यवसाय. पहिला प्राणवायु चढला कीं चारी माळांची मांडणी किंचित् सरकते आणि पुढच्यांना चढणें सोपें होतें. मॅक्स पेरुट्झ यांनीं १९३७ सालीं या रेणूच्या रचनेचा शोध आरंभिला. ती त्यांच्या हातीं आली १९५९ सालीं!

परंतु रचना पाहावयाची तर आधीं तें प्रथिन इतरांपासून निराळें काढलें पाहिजे, आणि हेंच काम कठीण. धान्य साफ करतांना आपण तें पाखडतों, चाळतों व निवडतों. शास्त्रज्ञहि तेंच करतात. स्वीडनमधील स्वेडबर्ग यांनीं अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत प्रथिनें घालून तीं वजनाप्रमाणें निराळीं केलीं. हें पाखडणें झालें. सच्छिद्र कणांनीं भरलेल्या उभ्या नळींतून द्रव सोडणें म्हणजे चाळणें. मात्र येथें गंमत अशी कीं लहान रेणु कणांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात व मोठे रेणु आधीं बाहेर पडतात, म्हणजे घरच्या चाळणीच्या अगदीं उलट. राहिलें निवडणें. तें विद्युत्भारावरून करतात, आणि आज मला विशेष सांगावयाचें आहे तें याविषयीं.

प्रत्येक प्रथिनासाठीं आम्लतेचा एक बिंदु असा असतो कीं तेथें त्याचे धन व ऋण भार समसमान होतात. लिंबू पिळल्यावर दुधांतील केसिन या बिंदूपाशीं येतें. एरव्हीं समान भारामुळें परस्परांना दूर लोटणारे कण मग एकत्र जमून त्यांचा चोथा बनतो. या बिंदूच्या एका बाजूस प्रथिन धन, दुसऱ्या बाजूस ऋण. तेव्हां द्रावणांतून विजेचा प्रवाह सोडला तर ज्याचा जसा भार तसें तें त्या त्या ध्रुवाकडे व त्या त्या वेगानें सरकणार, हें उघड आहे. स्वेडबर्ग यांचे शिष्य आर्ने टिसेलियस यांनीं १९३७ सालीं उप्साला येथें यासाठीं इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीचें एक उपकरण सिद्ध केलें. विजेच्या उष्णतेनें द्रवांत प्रवाह उत्पन्न होऊन सारें कालवून जाऊं नये म्हणून ती नळी बर्फासारख्या थंड पाण्यांत ठेवीत. १९४८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक टिसेलियस यांना मिळालें.

याच सुमारास या उपकरणापुढें एक रोग उभा राहिला. १९१० सालीं शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटांतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याप्रमाणें वांकलेल्या तांबड्या पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें होतें. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रोग्याला असह्य वेदनांचे झटके येतात. आणि निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते तेथें ही दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. १९४५ सालीं विल्यम कॅसल या डॉक्टरांनीं बोलतां बोलतां लायनस पॉलिंग यांना सांगितलें कीं, प्राणवायु कमी झाला म्हणजेच या पेशी वांकतात. पॉलिंग पडले रसायनशास्त्रज्ञ. प्राणवायूचा संबंध आला कीं दोष पेशींत नसून हिमोग्लोबिनांत असावा, हें त्यांच्या तत्काळ मनांत आलें. तपासाचें काम त्यांनीं हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे सोंपविलें. (याच इटानोंना १९४२ सालीं, विश्वविद्यालयाचें सर्वोच्च पदक मिळत असतां, केवळ जपानी वंशाचे म्हणून अमेरिकन सरकारनें छावणींत डांबलें होतें.) टिसेलियसच्या पद्धतीच्या उपकरणांत दोन्ही हिमोग्लोबिनें घातल्यावर जें दिसलें तें असें : एका ठराविक आम्लतेस निरोगी हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे निघालें आणि रोग्याचें ऋण ध्रुवाकडे. ज्यांना स्वतःला त्रास नाहीं पण ज्यांच्या मुलांत हा रोग उतरूं शकतो अशा वाहकांच्या रक्तांत तर दोन्ही प्रकार एकत्र सांपडले. १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या लेखानें रोगाचें मूळ एका रेणूंत दाखवून दिलें.

भार निराळा, पण कां? याचें उत्तर व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५६ सालीं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत काढलें. आणि माझ्या मतें इतक्या साध्या साधनांनीं इतकें सूक्ष्म उत्तर क्वचितच मिळालें असेल. ट्रिप्सिन हा पाचक रस माळ वाटेल तेथें तोडीत नाहीं, दोन विशिष्ट मण्यांच्या पुढेंच तोडतो. त्यामुळें तुकडे दर वेळीं तेच पडतात. या तुकड्यांचा एक थेंब त्यांनीं गाळणकागदावर ठेवला. विजेनें ते तुकडे कागदावर आडवे पसरविले. मग तोच कागद काटकोनांत फिरवून त्यांतून एक द्रावक चढूं दिला, तेव्हां ते उभ्या दिशेनेंहि विखुरले. शेवटीं निनहायड्रिन फवारतांच कागदावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सुमारें तीस जांभळे ठिपके उमटले. निरोग्याचा कागद व रोग्याचा कागद शेजारीं ठेवले. सारे ठिपके जागच्या जागीं. फक्त एक सरकलेला! तेवढाच तुकडा उलगडून पाहतां पुढील वर्षीं निश्चित झालें कीं, १४६ मण्यांच्या माळेंत एका ठिकाणीं ऋणभारित ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन हा भाररहित मणी आला आहे. ती जागा सहावी.

हा व्हॅलिन पाण्याचें वावडें असणाऱ्यांपैकीं. आणि बसला आहे नेमका बाहेर. प्राणवायु उतरला कीं शेजारच्या रेणूंत एक खोबण उघडी पडते, तींत तो जाऊन बसतो. त्या रेणूचा व्हॅलिन त्याच्या शेजाऱ्यांत. असे रेणूला रेणु जोडले जाऊन पेशींत ताठ दोर वळले जातात व त्यांच्या रेट्यानें पेशी विळ्याप्रमाणें वांकते.

हा रोग परदेशापुरता नाहीं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या विदर्भाच्या भागांत व तिकडे नंदुरबारांत तो सिकलसेल या नांवानें सर्वश्रुत आहे, आणि २०२३ सालीं त्याच्या निर्मूलनार्थ राष्ट्रीय मोहीम सुरू होऊन चाळिशीच्या आंतील सात कोटि लोकांच्या तपासणीचा संकल्प सोडण्यांत आला. प्रथम जी स्वस्त चांचणी करतात तींत प्राणवायु काढून घेणाऱ्या क्षारद्रावणांत रक्ताचा थेंब टाकतात. दोषी हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होतें आणि नळीमागें धरलेल्या रेघा दिसत नाहींशा होतात. पण रोगी व वाहक दोघांच्याहि नळ्या गढूळच होतात! वाहक सामान्यतः निरोगी असतो. तेव्हां नुसती गढूळ नळी पाहून एकाद्या मुलीच्या वा मुलाच्या कपाळीं रोगी हा शिक्का मारणें मला सरळसरळ अन्यायाचें वाटतें. दुसरी चांचणी झालीच पाहिजे, आणि ती म्हणजे टिसेलियस यांच्या नळीचीच सुटसुटीत वंशज होय. लगद्यासारख्या जेलवर विजेच्या योगें रक्त सरकविलें कीं निरोग्याचा मुख्य पट्टा पुढें जातो, रोग्याचा मागें रेंगाळतो, आणि वाहकाचे दोन ठळक पट्टे स्पष्ट दिसतात. आतां यंत्राच्या बारीक स्तंभांतून रक्त सोडून हेंच काम कांहीं मिनिटांत होतें.

दोघेहि वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. मात्र अशा घरच्या तान्ह्या मुलाची परीक्षा गढूळ नळीनें करूं नये. गर्भावस्थेंतील निराळें हिमोग्लोबिन त्याच्या रक्तांत कांहीं महिने टिकून असतें. दोषी हिमोग्लोबिन तोंपर्यंत इतकें थोडें असतें कीं नळी स्वच्छ राहून आईबाप निष्कारण निश्चिंत होतात. त्याच्यासाठीं आरंभापासूनच पट्टे पाहावे लागतात.