गडचिरोलीच्या खेड्यांतून राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत

मिनिटभरात रितं होणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओळीने मणी, शेवटचा लाल. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. गडचिरोलीतल्या निरक्षर सुईणींनाही निदान करता यावं म्हणून हे साधन तयार झालं. ते बनवणारी ‘सर्च’ ही संस्था डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केली होती.

न्यूमोनियाचे मृत्यू गावातच उपचार करून कमी होतात, हे त्यांच्या अभ्यासाने दाखवलं; 1990 मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू हा वेगळाच प्रश्न होता. आजारी नवजात बाळाला रुग्णालयाशिवाय तरणोपाय नाही, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात काय घडत होतं? 1995-96 मध्ये 39 गावांतल्या नवजात बाळांची पाहणी झाली. 95 टक्के बाळं घरीच जन्मलेली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. ते मिळाले फक्त 2.6 टक्के बाळांना.

मग या 39 गावांतल्या बायकांनाच ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. त्या घरोघरी जात, बाळाचं वजन घेत, ताप बघत, ऊब आणि स्तनपान यांविषयी आईशी बोलत. न रडणाऱ्या बाळाला श्वास देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत.

तुलनेसाठी आणखी 47 गावं निवडली होती. तिथे आरोग्यदूत नव्हत्या, पण जन्म-मृत्यूची नोंद तितक्याच काटेकोरपणे होत होती. सुरुवातीला दोन्हीकडे हजार जन्मांमागे साठच्या आसपास नवजात दगावत. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत हा आकडा 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो 59.6 होता. दुसरी गावं मोजलीच नसती, तर पाऊसपाणी चांगलं झालं, रस्ते आले, म्हणून मृत्यू घटले असं कुणीही म्हटलं असतं.

1999 मध्ये हे निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्ये आले. तरी धोरण बनायला बारा वर्षं लागली. बंग दांपत्य स्वतः पाय रोवून बसलं होतं तिथे जमलं. इतरत्र जमेल का, ही शंका रास्तच होती. म्हणून महाराष्ट्रात सात स्वयंसेवी संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पातून हीच पद्धत राबवून पाहिली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत तिची चाचणी घेतली. 2005 पासून गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या जात होत्या, त्यामुळे राबवायला माणसंही मिळाली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने देशभर हा कार्यक्रम सुरू केला.

मात्र गडचिरोलीची पद्धत जशीच्या तशी उचलली गेली नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा 42 दिवसांत सहा भेटी देते. घरी जन्मलेल्यासाठी सात. ती वजन करते, ताप बघते, धोक्याची लक्षणं दिसली की रुग्णालयात पाठवते. इंजेक्शनचं काम तिच्याकडे आलं नाही. 2014 मध्ये सरकारने जेंटामायसिन देण्याची मुभा दिली ती नर्सबाईंना, आणि तीही ठरावीक परिस्थितीतच.