गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे?

लेखमाला : लोक आणि लोकप्रतिनिधी – लेखांक ७

फेब्रुवारी २०१३. मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता आणि बीडचे जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीची बातमी आली. लोकांनी बाजारपेठा बंद ठेवल्या, रस्त्यावर उतरले. मागणी एकच, साहेबांची बदली रद्द करा. त्यानंतर दहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२३ला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात याच जिल्ह्यात माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके यांच्या घराला आग लावण्यात आली. आमदार त्या वेळी घरातच होते. त्याच दिवशी बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचेही घर जळाले. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले.

न निवडलेल्या अधिकाऱ्यासाठी गाव बंद आणि स्वतः निवडून दिलेल्या आमदाराच्या दारात आग, हे कसे समजून घ्यायचे?

मुंबई-पुण्याच्या चर्चांमध्ये याचे एक तयार उत्तर असते, ‘बीडचा बिहार झाला.’ मला हे उत्तर मान्य नाही. ते दोन्ही मुलुखांचा अपमान करते आणि समजावून काहीच सांगत नाही. बीडचा मतदार मेंढरासारखा कोणाच्या मागे गेला, असे मतपेटी सांगत नाही. १९६७ला या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना, साताऱ्याकडच्या कम्युनिस्ट पुढाऱ्याला, लोकसभेवर पाठवले. १९७७ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर तीनदा खासदार झाल्या, पण मध्ये १९८९ला जनता दलाचे बबनराव ढाकणे आले. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०१४च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांना जवळपास सात लाखांचे मताधिक्य मिळाले, आणि २०२४ला त्याच मतदारसंघात पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या. हा मतदार भरभरून देतो आणि काढूनही घेतो.

मग अडचण कुठे आहे? ती निवडणुकीत कमी आणि दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत जास्त आहे.

रोजगार हमीतून सिंचन विहीर घ्यायची ठरवलेल्या शेतकऱ्याचा कागद बघा. सातबारा, आठ-अ, जॉबकार्ड, ग्रामसभेचा ठराव. तिथून फाइल पंचायत समितीत. तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. काम सुरू झाले की मस्टर, आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय बिल नाही. प्रत्येक टप्प्यावर एक टेबल आणि त्या टेबलावर फाइल थांबवता येण्याची पूर्ण सोय. नियमाने हे काम कोणाच्या ओळखीशिवाय व्हायला हवे. ते होत नाही, हे गावातले शाळकरी पोरही सांगते. म्हणून माणूस कागद घेऊन आधी कचेरीत जातच नाही. तो पुढाऱ्याकडे जातो. सकाळी पुढाऱ्याच्या अंगणात चपलांचा ढीग पडलेला असतो, आत कोणी दवाखान्याच्या बिलासाठी आलेला, कोणी पोराच्या प्रवेशासाठी, कोणी पोलीस ठाण्यात अडकलेल्या भाच्यासाठी. साहेब, ताई, अण्णा, भाऊ असे म्हणत जो तो आपली वेळ येण्याची वाट पाहतो. एक फोन लागतो आणि महिनाभर न हललेली फाइल हलते.

त्या फोनने काम झाले, ही खरीच गोष्ट आहे. लोक भोळे नाहीत. पण त्या फोनने आणखी एक गोष्ट होते. जो हक्क होता तो उपकार होऊन घरी येतो. हक्काचा हिशेब पूर्ण होतो, उपकाराचा होत नाही, तो मतदानाच्या दिवसापर्यंत आणि त्याच्याही पुढे चालू राहतो.

ऊसतोड मजुराच्या बाबतीत हे सगळे दुपटीने खरे. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादम हेच त्यांचे सरकार. गावातले रेशन, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधे मागे राहतात. विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ला मतदान झाले तेव्हा गाळप हंगाम सुरू होत होता. अशा वेळी फडावरचा मजूर गावी येऊन मत देणार कसा, तर कोणीतरी गाडी पाठवली तर. ती गाडी कोण पाठवतो आणि परत कोण सोडतो, हे मजुराच्या ध्यानात राहते.

मजुरीचेही तसेच. जानेवारी २०२४ला ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात. वाढ मिळाली याचा आनंदच आहे. पण एवढ्या मोठ्या कष्टकरी वर्गाच्या घामाचा दर दोन नेते समोरासमोर बसल्यावर ठरतो, तेव्हा मजुराला नेता हा वकील, पंच, आधार सगळेच वाटणार. गोपीनाथ मुंडे यांच्यावर या माणसांनी जीव लावला तो उगाच नव्हे. ४ जून २०१४ला परळीत अंत्यसंस्काराच्या वेळी गर्दीचा दुःखावेग संतापात बदलला, नेत्यांच्या गाड्या अडवल्या गेल्या, अपघाताची सीबीआय चौकशी करा म्हणून घोषणा झाल्या. ज्याच्या एका फोनवर घर चालते तो माणूस गेल्यावर कुटुंबच उघडे पडते. तो आक्रोश तसा होता.

आणि ऑक्टोबर २०२३ची आगही याच नात्याची दुसरी बाजू आहे. त्या महिन्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. सोळंके यांचे आरक्षण आंदोलनाचे नेते जरांगे पाटील यांच्याबद्दलचे बोलणे म्हणून एक ध्वनिफीत फिरली आणि जमाव थेट घरावर गेला. तिथे तेव्हा बायका-मुले होती, कामाची माणसे होती. त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण जमाव कचेरीकडे जाण्याआधी घराकडे का गेला, हा प्रश्न विचारायला हवा. कारण सत्ता घरात राहते, असे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. काम घरी जाऊन होत असेल तर रागही घरीच जातो.

केंद्रेकरांसाठी झालेला बंद मला याच ओळीत दिसतो. तोही एका माणसावरचा विश्वास होता. फरक इतकाच की त्या माणसाकडे काम व्हायला कोणाच्या ओळखीची गरज नव्हती. बदली झाली की तो विश्वासही बदलीबरोबर निघून जातो, कचेरीत मुरत नाही.

या पार्श्वभूमीवर मस्साजोग मला वेगळे वाटते, आणि त्यावर थोडे थांबून लिहायला हवे.

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख. ६ डिसेंबर २०२४ला गावातल्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या जागेवर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा सरपंच मध्ये पडले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारण्यात आले. मागे होती दोन कोटींच्या खंडणीची मागणी, असे तपास यंत्रणेने पुढे आरोपपत्रात मांडले. त्यात मुख्य आरोपी म्हणून वाल्मीक कराड यांचे नाव आले. ते मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय. मुंडे स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत, पण हत्येची छायाचित्रे बाहेर आल्यावर ४ मार्च २०२५ला त्यांनी राजीनामा दिला. गुन्हा कोणी केला हे सांगण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि तो तिथेच राहू द्यावा.

मला बोलायचे आहे ते गावाबद्दल. आपला सरपंच मारला गेल्यावर या गावाने काय मागितले? पोलिसांनी वेळेवर हालचाल केली नाही, याचा जाब मागितला. तपास विशेष पथकाकडे द्या म्हटले. मकोका लावा म्हटले. सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक करा, यासाठी फेब्रुवारीत अन्नत्याग केला. सरपंचांचे भाऊ जानेवारीत पाण्याच्या टाकीवर चढले, तेही तपासात काय चालले आहे ते कुटुंबाला कळावे म्हणून. २८ डिसेंबरला बीड शहरात निघालेल्या विराट मोर्चात सर्व पक्षांचे लोक होते. एवढा संताप असताना गावाची मागणी कलम, तपास, वकील, न्यायालय या भाषेत होती. अमुक साहेबांनी आम्हाला वाचवावे, असे हे गाव म्हणत नव्हते. चौदा महिन्यांपूर्वी ज्या जिल्ह्यात घरे पेटली होती, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. बीडमध्ये काही बदलले असेल तर ते इथे बदलले.

त्याच दिवसांत पोलीस दलातही एक छोटी गोष्ट घडली. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढायला लावले, फक्त पहिले नाव ठेवले. बाहेरच्याला ही नुसती पट्टी वाटेल. पण २०२४च्या लोकसभेपासून मराठा-वंजारी तेढीने हा जिल्हा इतका विटला होता की ठाण्यात तक्रार घेऊन आलेला माणूस आधी समोरच्या हवालदाराचे आडनाव वाचत असे, आणि तक्रार द्यायची की परत फिरायचे ते ठरवत असे. आडनाव झाकल्याने जात जात नाही, हे खरे. तरी ठाण्याची पायरी चढताना एक भीती कमी झाली, तर तेवढे मला मोलाचे वाटते.

सरपंचाकडे परत येऊ. आमदार-खासदाराला लोक व्यासपीठावर पाहतात. सरपंचाला नळाला पाणी आले नाही म्हणून सकाळी सहाला दारात उभे राहून विचारतात. सप्टेंबर २०२४मध्ये राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले, तरी दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाच्या सरपंचाला महिन्याला सहा हजार रुपयेच मिळतात. अधिकारी त्याला खुर्ची देईलच असे नाही. मार्च २०२३अखेर फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे यांनी विहिरींच्या मंजुरीसाठी मागितल्या जाणाऱ्या लाचेचा निषेध म्हणून पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या. पुढच्या वर्षी जालना लोकसभेला ते अपक्ष उभे राहिले आणि दीड लाखांवर मते घेऊन गेले. जवळून पाहिलेल्या माणसावर लोक विश्वास टाकायला तयार आहेत, असा याचा अर्थ मी घेतो.

हा विश्वास माणसावरून संस्थेवर यायचा असेल तर जागा ग्रामसभेचीच आहे. विहिरीचा, घरकुलाचा लाभार्थी तिथे ठरतो. आपल्याकडे ग्रामसभेच्या रूढ तारखा चार, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. गावाच्या विकास आराखड्याचे काम साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालते. बीडमधले निम्मे गाव तेव्हा उसाच्या फडात असते. म्हणजे ज्या माणसाला कचेरीची सर्वांत जास्त गरज, तोच ठराव होताना गावात नसतो, आणि परत आल्यावर त्याला पुढाऱ्याच्या अंगणातच जावे लागते. जादा ग्रामसभा बोलवायला कायद्याची आडकाठी नाही. कोयता परत आल्यावर, पेरणीच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीस आराखड्यासाठी ग्रामसभा बोलवावी, आणि लाभार्थ्यांची यादी त्याच सभेत मोठ्याने वाचावी. बीडच्या सरपंचांनी एवढे येत्या उन्हाळ्यात करून पाहावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

(पुढील आठवड्यात : ग्रामसभेची गणपूर्ती आणि तहकूब सभा)