काचपट्टीवरची पेशी आणि धाराशिवची गावे

मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी करत बार्शीकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी जुन्या कोल्हापूरकरांना आठवत असेल. त्याच बार्शीतले नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास केला आणि जगाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी नवे शिकवले. अभ्यासाची भूमी होती शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा.

हा कर्करोग सावकाश येतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा संसर्ग बहुतेक जणींच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या जणींच्या पेशींत मात्र तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षे त्यांची घडण बिघडवतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा बिघाड दिसतो. वरच्या थरातली निरोगी पेशी पसरट, चपटी असते आणि तिचे केंद्रक मधोमध ठिपक्याएवढे. विषाणूने ग्रासलेल्या पेशीचे केंद्रक मोठे, गडद आणि सुरकुतलेले होते. भोवती रिकामे वलय उमटते. पेशी पाहून कर्करोग ओळखता येतो, हे जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये मांडले. पॅप चाचणी ती हीच. पुढे १९८३ मध्ये हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने एचपीव्ही-१६ शोधला. २००८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पण प्रशिक्षित नजर, चांगली प्रयोगशाळा आणि पुन्हा पुन्हा होणारी तपासणी खेड्यात कुठून आणायची? दुखणे अंगावर काढणारी बाई दवाखान्यात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आयुष्यात एकदाच तपासणी करता आली तर कोणती करावी, हा खरा प्रश्न होता.

त्यासाठी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या अभ्यासात आल्या. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले. एका गटाची पॅप चाचणी झाली. दुसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे चट्टे नुसत्या डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्यात एचपीव्हीचा डीएनए शोधला. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या कामाचा निष्कर्ष आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. पुढच्या टप्प्यात पोहोचलेले कर्करोग ३९ विरुद्ध ८२. उरलेल्या दोन पद्धतींत एका तपासणीने मृत्यू ठळकपणे घटल्याचे दिसले नाही. एचपीव्ही चाचणीत विषाणू न आढळलेल्यांपैकी एकीचाही त्या आठ वर्षांत या रोगाने मृत्यू झाला नाही.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, यावर पुढे तीव्र वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी कोणाच्या तरी आया-बहिणी होत्या.

सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व मात्र यामुळे घटले नाही. विषाणू आढळला की बहुधा कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी, आणि गरज पडल्यास बायॉप्सी, म्हणजे ऊतीच्या तुकड्याची तपासणी, होते, आणि शेवटचा निवाडा काचपट्टीवरच्या पेशीच करतात. जागतिक आरोग्य संघटनाही आज सर्वसामान्य स्त्रियांना तिशीपासून एचपीव्ही चाचणी सुचवते. आठ वर्षे पाठपुराव्याला साथ देणाऱ्या खेड्यांतल्या बायांचे हे ऋण आहे. आपल्या घरातली तिशी ओलांडलेली बाई तपासणीला गेली, तर त्यातले थोडे तरी फिटेल.