मतदानापूर्वी : पद कोणते, उमेदवार कोण?



निवडणूक जाहीर झाली की खेड्यात शिक्षकाकडे एक प्रश्न हमखास येतो. शाळा सुटल्यावर पारावर बसलेला एखादा वृद्ध शेतकरी हळूच विचारतो, "गुरुजी, आमदारकीचं मत कुणाला द्यावं?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने द्यावयाचे नाही, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्यामागे दडलेला दुसरा प्रश्न असा असतो की, "ही माणसं निवडून जाऊन नेमकं करतात तरी काय?" याचे उत्तर देणे हे मात्र शिक्षकाचेच काम होय. प्रस्तुत लेखात त्याच उत्तराचा विचार करावयाचा आहे.

आपल्या जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेऊ. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे रिकाम्या झालेल्या लोकसभेच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली आणि ती दि. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच झाली. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर व मुखेड या सहा मतदारसंघांतील मतदारांनी त्या दिवशी एकाच केंद्रात दोन यंत्रांवर दोन मते दिली. विधानसभेच्या सहाही जागा महायुतीच्या उमेदवारांनी जिंकल्या. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी जिंकली. कोणता निकाल बरा, हा आपला विषय नाही. लक्षात घ्यावयाच्या गोष्टी दोन. पहिली ही की, पुष्कळ मतदारांनी दोन पदांसाठी दोन निरनिराळे निर्णय घेतले. दुसरी ही की, एवढे अंतर सहा मतदारसंघांतील सर्व केंद्रांवर वाटले तर एका केंद्राच्या वाट्याला जेमतेम एक मत येते. यास्तव "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणणाऱ्यास हा आकडा जरूर सांगावा.

आता पदांकडे वळू. कोणते काम कोणाचे, हे समजण्यास लातूरच्या पाणीटंचाईसारखे उदाहरण नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले असता मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने दि. १२ एप्रिल रोजी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. यातील रेल्वे ही केंद्र सरकारची. तिच्याविषयी प्रश्न विचारावयाचा तो खासदाराने. धरण, पाटबंधारे व टंचाई निवारण हा राज्य शासनाचा कारभार. त्याचा जाब विधानसभेत विचारावयाचा तो आमदाराने. आणि उतरवून घेतलेले पाणी गल्लीगल्लीत पोहोचविणे हे महानगरपालिकेचे काम. तेथे उत्तर द्यावयाचे ते नगरसेवकाने. घागर एकच, परंतु तिला हात लागले तिघांचे. ज्या मतदारास हे तीन हात ओळखता येत नाहीत, तो एकाच्या चुकीबद्दल दुसऱ्यास शिक्षा करतो, किंवा एकाच्या कामाचे श्रेय दुसऱ्यास देऊन बसतो.

आपल्या शाळेलाही हाच न्याय लागू आहे. शाळा चालविणारी संस्था जिल्हा परिषद. ती १९६१ च्या अधिनियमानुसार दि. १ मे १९६२ पासून अस्तित्वात आली. परंतु शिक्षकांच्या वेतनाचे अनुदान, शिक्षकभरतीचे धोरण व राज्याचा अभ्यासक्रम हे विषय राज्य शासनाच्या हातचे. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेल्यामुळे केंद्राचाही त्यात वाटा आहे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीनमहसूल व स्थानिक स्वराज्य हे विषय मुख्यत्वे राज्याचे. खेड्यातील माणसाचा दररोज ज्या कचेऱ्यांशी संबंध येतो, त्या तलाठी, तहसीलदार व जिल्हाधिकारी यांच्या कचेऱ्या राज्याच्या महसूल खात्याच्या असतात. या अधिकाऱ्यांना आपण निवडून देत नाही. परंतु ज्या मंत्रिमंडळाच्या धोरणाप्रमाणे ते चालतात, ते मंत्रिमंडळ विधानसभेस जबाबदार असते.

या विधानसभेत २८८ सभासद आहेत. त्यांपैकी ९ नांदेड जिल्ह्यातून व ६ लातूर जिल्ह्यातून निवडले जातात. विधानसभेतील बहुमतातून मुख्यमंत्री होतो. राज्याचा अर्थसंकल्प मंजूर करणे, कायदे करणे आणि मंत्र्यांना प्रश्न विचारणे ही आमदाराची मुख्य कामे होत. गावातील समाजमंदिर वा रस्ता करून देणे एवढेच त्याचे काम, ही समजूत अपुरी आहे.

मतदारसंघाच्या सीमांविषयीही गैरसमज असतात. लोहा हा विधानसभा मतदारसंघ नांदेड जिल्ह्यात असला तरी लोकसभेसाठी तो लातूरला जोडलेला आहे. किनवट व हदगाव हे हिंगोलीस, तर लातूर जिल्ह्यातील औसा हा धाराशिवच्या मतदारसंघास जोडलेला आहे. देगलूर व उदगीर येथील विधानसभेच्या जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. याचा अर्थ उमेदवार त्या वर्गातील असावा लागतो एवढाच. मत तेथील प्रत्येक मतदाराने द्यावयाचे असते.

राज्यात विधान परिषद हे दुसरे सभागृह आहे व त्याचे सभासद ७८ आहेत. त्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून व ७ पदवीधर मतदारसंघांतून येतात. शिक्षक मतदारसंघ हे नाव ऐकून आपणापैकी कित्येकांस वाटते की, तेथे आपलेही मत असेल. परंतु घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे तो अधिकार माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षकांना आहे. प्राथमिक शिक्षकांस नाही. पदवी मिळून ३ वर्षे झालेल्या प्राथमिक शिक्षकास पदवीधर मतदारसंघात मात्र नाव नोंदविता येते. त्याकरिता वेगळा अर्ज करावा लागतो. विधानसभेच्या यादीत नाव असणे पुरेसे नाही.

पद समजल्यावर उमेदवार समजून घ्यावयाचा. या बाबतीत आजचा मतदार पूर्वीच्या मतदारापेक्षा भाग्यवान आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याचे शिक्षण, स्वतःची व कुटुंबीयांची मालमत्ता, कर्ज व सरकारी देणी, तसेच त्याच्यावरील फौजदारी खटले नमूद असतात. हे शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहावयास मिळते. ते वाचताना एक विवेक पाळावा. खटला चालू असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. आंदोलनातील खटला आणि फसवणुकीचा खटला यांतही फरक असतो. म्हणून कलम कोणते व खटला कोणत्या टप्प्यावर आहे, हे नीट पाहावे. उमेदवार पूर्वी आमदार असल्यास मागील व आताचे शपथपत्र शेजारी ठेवून वाचावे.

त्यानंतर मतदाराने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. उमेदवार जे आश्वासन देतो, ते या पदाच्या अधिकारात येते काय? त्यास पैसा कोठून येणार, हे तो सांगतो काय? पूर्वी पदावर असता त्याने सभागृहात कोणते प्रश्न मांडले? निवडणूक नसतानाही तो लोकांस भेटत होता काय? या प्रश्नांनंतरही कोणीच पसंत न पडल्यास २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही उपलब्ध आहे. मात्र त्याची मते कितीही पडली तरी विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवारांपैकी ज्यास सर्वांत अधिक मते, तोच निवडून येतो.

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्यास शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या भागाचा माणूस मोठ्या पदावर गेला म्हणजे मतदाराचे काम संपले असे नव्हे. उलट पद जितके मोठे तितकी विचारपूस अधिक व्हावयास हवी. १९४८ पर्यंत ज्या मराठवाड्यातील सामान्य माणसास राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार नव्हता, त्याने तो जपून वापरला पाहिजे.

शेवटी आपल्या मर्यादेविषयी. जिल्हा परिषदेच्या १९६७ च्या वर्तणूक नियमांनी आपणास प्रचारात भाग घेता येत नाही. शिवाय मतदानाच्या दिवशी आपणच केंद्रावर अधिकारी म्हणून बसलेले असतो. एकदा शिक्षकाने एका बाजूचे नाव उच्चारले की दुसऱ्या बाजूचे पालक त्याच्या यादीवर, त्याच्या शिक्क्यावर आणि पुढे त्याच्या शिकविण्यावरही विश्वास ठेवीत नाहीत. म्हणून वर्गात ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतच्या पदांचा तक्ता लावावा, मुलांकडून आपल्या गावातील दहा कामे लिहवून घ्यावीत आणि प्रत्येक कामापुढे कोणत्या पदाची जबाबदारी आहे ते भरावयास सांगावे. हा तक्ता मुले घरी नेतील. आणि पुन्हा पारावर कोणी विचारले की, "गुरुजी, मत कुणाला द्यावं?" तर त्यास म्हणावे, "बाबा, कोणाला ते तुम्ही ठरवा. कशासाठी ते आपण मिळून पाहू."